वरच्या मजल्यावरच्या मुलाला चावलेलं कुत्रं

वैजू,

तुला मंडाईला नेलं त्या दुपारी मी रडत होते, आणि रडता रडता मोजत होते. पांढरे टी-शर्ट घालून एकवीस मुलं आली होती. त्यातली नऊ आधी माझ्या वर्गात होती, मग तुझ्याकडे गेली. तुझ्याकडून माझ्याकडे आलेल्यांपैकी तिथे एकच दिसली. मैत्रिणीच्या पायाशी उभं राहून कुणी हजेरी घेतं का? मी घेतली. आज तुला जाऊन दहा दिवस झाले. सकाळी घरी दोन पाहुण्या येऊन गेल्या, आणि त्या जे सांगून गेल्या त्यानंतर मला गप्प बसवत नाहीये, म्हणून लिहायला घेतलं.

इथल्या स्मशानाचं नाव मंडाई, यावर तू किती वेळा हसली होतीस. 'मला कशाला मंडईत नेता, माधवीला न्या. ती पुण्याची आहे, तिला भाव करता येतो.' त्या दिवशी गाडीत मला ते आठवलं आणि मी खुदकन हसले. पुढच्या सीटवर तुझा नवरा, अशोकभावजी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं मला हुंदका आला, आणि त्यांनीच मला पाणी दिलं.

तिथे एक उंच चष्मेवाला चिनी मुलगा भावजींसमोर आला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे तीनदा वाकला आणि म्हणाला, "अंकल, टीचर वेइ, नोबडी लाइक हर." भावजींचा चेहरा पडला. त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं की टीचर वेइसारखं, म्हणजे तुझ्यासारखं, कुणी नाही. पण सुरुवातीचा 'देअर इज' त्याने गिळला, आणि ऐकणाऱ्याला वाटलं, ती कुणालाच आवडत नाही. बारा वर्षं मी असल्याच चुका खुडत आले आहे. मी लगेच भावजींच्या कानात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ते वाक्य मी जरा वेळ तसंच राहू दिलं, कारण खरं सांगते, कानाला गोड लागलं. मग भावजींचे डोळे भरून आले तेव्हा मी म्हणाले, "अहो, त्याला म्हणायचंय, तिच्यासारखी दुसरी नाही." तेही माझ्याच तोंडून वदवून घेतलंस.

आपण दोघी एकाच वर्षी नवऱ्यांच्या नोकरीमागून सिंगापूरला आलो आणि टॅम्पिनीसला एकाच ब्लॉकमध्ये राहायला लागलो. तू सातव्या मजल्यावर, मी अकराव्या. मुलं शाळेत रमली आणि आपल्याला घर खायला उठलं. ब्लॉकसमोरच दातांच्या दवाखान्याच्या वर मिसेस लिमचं ट्यूशन सेंटर होतं. चीनहून नुकती आलेली, घरी फक्त चिनी बोलणारी तेरा-चौदा वर्षांची मुलं तिथे यायची. इथल्या सरकारी शाळेत जागा मिळवायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत सगळ्यांचा घात होतो तो एकाच ठिकाणी: उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरं लिहा. तेवढंच शिकवायला तिथे आपण दोघी.

मला मिसेस लिमने पाच मिनिटांत घेतलं. तुला तीन वर्ग नमुन्यादाखल घ्यायला लावले. "युअर फ्रेंड ओके लाह," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बट यू, युअर इंग्लिश मोर पॉवरफुल." हे वाक्य मी त्या दिवशी नवऱ्याला दोनदा सांगितलं. माझं इंग्रजी पुण्याच्या कॉन्व्हेंटचं. तू जतजवळच्या खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी शिकलेली. 'आय हॅव कम येस्टरडे' म्हणायचीस, आणि मी ते सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. तू म्हणायचीस, "चुकलं की गं," आणि वहीत लिहून घ्यायचीस. हिला लाज कशी वाटत नाही, असं मला वाटायचं.

मुलांनी आपली नावं त्यांच्या जिभेला जमतील तशी करून घेतली. वैजयंता कुणाला म्हणता येईना, म्हणून तू टीचर वेइ झालीस. त्यांच्यात एका फुलाचं तसं नाव असतं म्हणे. मी झाले टीचर मा. चिनीत मा म्हणजे घोडा. हे कळलं तेव्हा तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं होतंस. मीही हसले, पण ते लागलं मला. तिथेही तुझ्या वाट्याला फूल आणि माझ्या वाट्याला घोडा.

मग तो कुत्र्याचा उतारा आला. त्यात एक वाक्य होतं: द डॉग दॅट बिट द बॉय हू लिव्ड अपस्टेअर्स रॅन अवे. प्रश्न साधा, कोण पळून गेलं? माझ्या वर्गातल्या अकरा मुलांपैकी आठ जणांनी लिहिलं, मुलगा. का, तर 'रॅन अवे'च्या जवळ तोच उभा होता. कुत्रं बिचारं वाक्याच्या सुरुवातीलाच चावून मोकळं झालेलं. त्या वाक्यात एकही शब्द असा नव्हता की ज्याचा अर्थ मुलांना ठाऊक नव्हता. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग आणखी मोठ्याने वाचलं. वर्गात चिनी बोलाल तर उतारा पाच वेळा लिहायला लावीन म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठच.

तुझ्या वर्गातही तीच गत होती. पण तू ते कुत्रं घरी घेऊन गेलीस.

त्याच महिन्यात तुझी ती नोटिशीची फजिती झाली होती. आपल्या ब्लॉकखालच्या दुकानांची दुरुस्ती निघाली होती आणि लिफ्टपाशी कागद लागला होता. त्यात लिहिलं होतं, दुरुस्तीसाठी बंद राहणाऱ्या दुकानांवरच्या घरांतल्या रहिवाशांनी घर सोडायची गरज नाही. इंग्रजीत ते 'बंद राहणार'चं शेपूट मागे लोंबत होतं, आणि तू ते दुकानांऐवजी घरांना लावलंस. पुढचं काही वाचलंच नाहीस. डबे भरलेस, दोन्ही पोरांना घेऊन दिवसभर मॉलमध्ये जाऊन बसलीस. संध्याकाळी परत आलीस तर मी घरात टीव्ही बघत बसलेली. दुसऱ्या दिवशी टीचर्स रूममध्ये हे तू स्वतःच सगळ्यांना सांगितलंस. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझ्याकडून अशी चूक झाली असती तर मी मेले तरी कुणाला सांगितली नसती.

तूही हसत होतीस आणि हसता हसता थांबलीस. "अगं माधवी, त्या कुत्र्याचं असंच झालंय. मी घरं बंद केली, पोरांनी मुलाला पळवलं. जो जवळ दिसला त्याच्या गळ्यात घातलं." मग तू ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलंस. "वरच्या मजल्यावरच्या मुलाला चावलेलं कुत्रं पळून गेलं. बघ की, चुकायला जागाच नाही. कुत्रं आपलं शेवटी, पळण्याच्या शेजारीच बसलंय."

त्या दिवशी खाली फळं विकणाऱ्या चिनी आँटीला गाठून तू तेच वाक्य तिच्या भाषेत म्हणवून घेतलंस, बोटांवर एकेक शब्द मोजत. थोडं इकडेतिकडे, पण कुत्रं तिथेही शेवटीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं आपण दोघी त्या मुलांसमोर मराठी डोकं घेऊन उभ्या होतो आणि त्यांचंही डोकं तसंच चालतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या आलं. माझ्या यायला हवं होतं, मी जास्त शिकलेली.

मुलांना तू लग्नाची गोष्ट सांगितलीस. आमच्याकडे वरातीत वऱ्हाड पुढे नाचत जातं आणि नवरदेव मागून घोड्यावर येतो. तुमची वाक्यंही तशीच, सगळी माहिती आधी नाचून घेते, मग ज्याचं लग्न आहे तो येतो. इंग्रजीच्या लग्नात नवरदेव पुढे चालतो आणि वऱ्हाड मागून. म्हणून आधी त्याला शोधा. नवरदेवाला चिनीत शिनलांग म्हणतात, तेवढा शब्द तू शिकून घेतलास. लांब वाक्य आलं की लाल पेन हातात घेऊन विचारायचीस, "शिनलांग कुठंय?" मुलं त्याच्याखाली रेघ मारायची, मागचं वऱ्हाड कंसात बंद करायची आणि उरलेलं वाचायची. द डॉग, रॅन अवे. उत्तर लिहिण्याआधी शेजाऱ्याला ते वाक्य चिनीत फिरवून सांगायचं, असा तुझा नियम. महिन्याभरात तुझ्या वर्गातला मुलगा घरात बसला आणि कुत्रं पळायला लागलं.

आणि मुलंही तुझ्याकडे पळायला लागली. भिंतीपलीकडून बाजार भरल्यासारखा चिनी गलका यायचा, मध्येच "शिनलांग!" अशी आरोळी आणि हसू. माझ्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, इंग्रजी इंग्रजीतूनच आलं पाहिजे, तू त्यांच्या हातात काठी देते आहेस, जन्मभर वाक्यं उलटीपालटी करत बसतील. तू म्हणायचीस, "पायात बळ आलं की काठी आपोआप कोपऱ्यात जाते गं." मी म्हणायचे, जात नाही. तू म्हणायचीस, "माझी गेली की." मी म्हणायचे, कुठे गेली, अजून 'आय हॅव कम येस्टरडे' म्हणतेस. यावर तू वही काढून ते लिहून घ्यायचीस आणि मला वाटायचं आपण जिंकलो.

हेवा हा शब्द फार सोवळा आहे. मी जळत होते, वैजू. आयुष्यात माझ्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, माझं इंग्रजी. रंगरूप बेताचं, स्वयंपाक तुझ्यापुढे काहीच नाही, नवरा अबोल. पण तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. आणि जिथे त्या इंग्रजीचं सोनं व्हायचं तिथेच तुझं मोडकंतोडकं इंग्रजी चालत होतं. तू स्वतः चुकत होतीस म्हणून तुला मुलांचं अडलेलं दिसायचं. मी ती चूक आयुष्यात कधी केलीच नव्हती, मग ती कशी सुधारतात ते मला कुठून येणार? चांगलं येत असल्याचा तोटा होतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तू मात्र मला अर्ध्या गोष्टी विचारूनच करायचीस. मुलांसाठी उतारे स्वतः लिहायचीस आणि दिवसातून दहा मेसेज: 'ए' की 'द'? मराठीत नाही, चिनीत नाही, त्या दोन टिकल्यांनी तुझा जीव खाल्ला होता. मी भाजी चिरताना एका बोटाने उत्तर द्यायची. का, असं तू विचारलंस तर मला सांगता यायचं नाही. फोनमध्ये वर वर सरकवत गेलं तर नुसतं तेच सापडतं, बारा वर्षं. तेवढं एक काम तू दुसऱ्या कुणाला दिलं नाहीस, याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे जिवंतपणी सांगायला हवं होतं.

आता शिन-यीचं सांगते. चौदा वर्षांची, तुझी सगळ्यात लाडकी. तिचे वडील चीनमध्येच राहिले होते आणि आई मुलीच्या शिक्षणासाठी इथे एकटी आली होती. अशा आयांना इथे स्टडी मामा म्हणतात. आपल्यात बाईला अमक्याची आई म्हणतात तसं तिलाही सगळे शिन-यी मामा म्हणायचे, स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी, परीक्षेला चार महिने उरले होते तेव्हा, एका संध्याकाळी ती मला आपल्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी भेटली. फोन पुढे धरून चिनीत बोलली आणि फोनने इंग्रजीत विचारलं, टीचर वेइचं इंग्रजी चांगलं आहे का?

मी म्हणाले, "शी डिड नॉट स्टडी इन इंग्लिश." तिचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं नाही. फोनने ते चिनीत सांगितलं. ती बाई मान हलवून बाजूला झाली.

त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी त्याचा अर्थ काय होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. लेखकाने सरळ न सांगता काय सुचवलं आहे, हा प्रश्न मी रोज फळ्यावर लिहीत होते.

सोमवारी मिसेस लिमने परीक्षेची बॅच तुझ्याकडून काढून मला दिली आणि तुला नवशिकी मुलं दिली. शिन-यी माझ्यासमोर येऊन बसली. तू एवढंच म्हणालीस, "बरं झालं, मला लहान पोरं आवडतात." मी तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. काही सापडेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते मला तेव्हापासून कळलं. तू जरा गप्प बसलीस की मला वाटायचं, हिला कळलं. तू नेहमीपेक्षा जास्त बोललीस तरी वाटायचं, हिला कळलं.

त्या बॅचला मी दार लावून तुझंच शिनलांग शिकवलं. दुसरं काही चालतच नव्हतं. शिन-यी पास झाली तेव्हा तू पुरणपोळ्या घेऊन अकराव्या मजल्यावर आलीस आणि म्हणालीस, "तुझ्यामुळे झालं गं." मी दोन पोळ्या खाल्ल्या. "नाही, तुझ्यामुळे," हे दोन शब्द तुपाबरोबर गिळले.

दुखण्यात तू हॉस्पिटलला होतीस तेव्हा मी ठरवून आले होते. आज सांगायचंच. दुपारची वेळ होती, तू उशीला टेकून उतारा लिहीत होतीस. मी म्हणाले, "वैजू, एक सांगायचंय." तू कागद पुढे केलास. "आधी हे सांग. इथे 'ए' की 'द'?" मी वाचलं आणि म्हणाले, 'द'. "का?" तू विचारलंस. मी म्हणाले, "माहीत नाही. कानाला बरं वाटतं." तू डोळे मिटलेस. "याचाच तर हेवा वाटतो मला तुझा," तू म्हणालीस. मीठ दे म्हणावं तितक्या सहज म्हणालीस. जो शब्द मला बारा वर्षांत उच्चारता आला नाही, तो तू पेन खाली ठेवता ठेवता बोलून टाकलास. सांगायचं ते राहिलं. मी पुन्हा काठीचं भांडण काढलं. तूही भांडलीस, हळू आवाजात. नर्स आली, मी निघाले. पुढे चार दिवसांनी भावजींचा फोन.

आज सकाळी शिन-यी आणि तिची आई घरी आल्या. त्या आता पासिर रिसला राहतात. शिन-यी सतरा वर्षांची झालीये, इथल्या पोरांसारखं भराभर बोलते. मी चहा ठेवला. आई सोफ्याच्या कडेवर बसली, मांडीवर पर्स धरून. शिन-यी म्हणाली, "टीचर, माय मदर वॉन्ट टू टेल यू समथिंग. टीचर वेइ टोल्ड हर डोन्ट से. बट नाउ कॅन, राइट?"

मग आई बोलत गेली आणि मुलगी सांगत गेली. त्या लिफ्टच्या दिवसाआधी आठवडाभर तू तिला बोलावलं होतंस. म्हणाली होतीस, शिन-यीला कुठे चुकतं ते आता कळतं, माझ्याकडचं शिकून झालं. आता बरोबर वाक्य कसं वाजतं ते तिच्या कानावर पडलं पाहिजे आणि ते माझ्याकडे नाही, टीचर मा-कडे आहे. मिसेस लिमशीही तू बोलून ठेवलं होतंस. सगळी परीक्षेची बॅच माधवीला द्या. आईला ते पटेना. तिला तुला सोडायचं नव्हतं. म्हणून ती लिफ्टपाशी माझी वाट बघत उभी राहिली होती.

"शी होप यू विल से, टीचर वेइ इंग्लिश इज गुड," शिन-यी म्हणाली. "देन शी कॅन टेल टीचर वेइ, सी, टीचर मा ऑल्सो सेज. देन आय नो नीड टू चेंज."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायलाही उठले नाही, शिन-यी उठली. प्रश्न कशासाठी विचारला आहे ते आधी बघा, असं मुलांना ओरडून ओरडून सांगणारी मी. एका ओळीचा प्रश्न होता आणि मला तो वाचता आला नाही. ती बाई तुझी बाजू घ्यायला माझ्याकडे आली होती, आणि मला वाटलं ती तुझ्या वाईटावर आहे, कारण मी होते.

"मग?" मी विचारलं.

मग ती सातव्या मजल्यावर गेली आणि मी काय म्हणाले ते तुला सांगितलं. शब्द न शब्द.

"टीचर वेइ लाफ," शिन-यी म्हणाली. "शी सेड, करेक्ट. शी सेड, टीचर मा नेव्हर टेल लाय." आणि मला कधी सांगू नका असंही म्हणालीस. कारण तू दिलेली बॅच मी घेणार नाही, मला राग येईल. आईने शेवटी स्वतः इंग्रजीत एक वाक्य बोलून दाखवलं, बहुतेक बसमध्ये घोकून आली असावी. "टीचर मा, थँक यू. शी रीड गुड नाउ." दोघी गेल्या. कप तसेच राहिले.

मला आधी रडू नाही आलं. राग आला. तीन वर्षं मी तुझ्यासमोर मान खाली घालून वावरले, झोप उडाली, आणि तुला सगळं माहीत होतं. ते सगळं माहीत असून तू संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला आलीस, माझ्या मुलाच्या निकालाला पेढे वाटलेस. निदान ते एक पाप तरी माझ्या एकटीचं आहे असं मी धरून चालले होते. तेही तू आधीच उरकून ठेवलं होतंस. ज्या बॅचसाठी मी तुला ढकललं असं मला वाटत होतं, ती तू ताटात वाढून दिली होतीस. बाई, काही तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंस.

आणि आता तर मला काही आशाच नाही. जिवंत होतीस तोवर तू चुकायचीस. 'डिस्कस अबाउट' म्हणायचीस, नोटीस उलटी वाचायचीस, मला जरा बरं वाटायचं. आता तू एकही चूक करणार नाहीस. मुलं वर्षानुवर्षं तुझी आठवण काढतील आणि त्या आठवणीत तुझं व्याकरणसुद्धा सुधारत जाईल. मेलेल्या बाईशी कोण बरोबरी करणार? भावजींनी विचारलंय, तुझ्या शनिवारच्या वर्गातली मुलं घेशील का. हो म्हणाले. ती पोरं पहिल्या दिवशी माझ्याकडे कशी बघतील ते मला आत्ताच दिसतंय.

माफी मागायला बसले होते, तेवढी मागते आणि थांबते. पण ती कशाची, ते नीट सांगायला हवं. तू 'करेक्ट' म्हणून हसलीस आणि विषय मिटवलास. माझ्या तोंडून ते रागाच्या भरात निसटलं, असं तू मनाशी धरलं असशील. तुझा स्वभाव तसा होता. वैजू, तसं नव्हतं. मी लिफ्टची वाट बघत उभी होते, डोकं थंड होतं. दोन-तीन वाक्यं मनात आली, त्यातलं हे मी निवडलं, कारण हे खरं होतं आणि कुणाला माझ्यावर बोट ठेवता आलं नसतं. मग लिफ्ट आली. सातवा मजला मागे पडला, आणि अकराव्यावर उतरेपर्यंत मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

माधवी